सामना स्मॅशवर जात नाही, सर्व्हिस उचलताना जातो

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात संध्याकाळी व्हॉलिबॉल खेळायला जमणाऱ्या मराठी मंडळींत एक वाद बरेच दिवस चालू आहे. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुषांनी दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं आणि सहावा क्रमांक मिळवला. महिला संघ मात्र नवव्या क्रमांकावर राहिला. असं का? एक गट म्हणतो, आपल्या मुलींची उंचीच कमी. दुसरा म्हणतो, लिफ्टर (स्मॅशरला चेंडू वर करून देणारी) चुकीची निवडली. तिसरा सगळं खापर कोचवर फोडतो. त्यात शाळेतल्या मुलींना शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे की या सगळ्यातून आमच्या मैदानावरच्या मुलींसाठी काय घ्यायचं? त्यांचा प्रश्न सगळ्यांत कामाचा आहे, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यांच्यासाठी आहे.

आधी त्या नवव्या क्रमांकाबद्दल. आपल्या गटात चीन आणि उत्तर कोरिया होते. दोन्ही सामने गेले आणि संघ पहिल्या आठांतून बाहेर पडला. तिथून पुढे नववा हाच मिळू शकणारा सर्वांत वरचा क्रमांक होता आणि तो मुलींनी मिळवला. तेव्हा आकड्यावर डोकं आपटून घेण्यात अर्थ नाही. वाईट वाटायला हवं ते वेगळ्या गोष्टीचं: तगड्या संघासमोर आपला खेळ सुरूच होत नाही. स्मॅश मारायची वेळ येण्याआधीच गुण निम्मा हातातून गेलेला असतो. माझं ठाम मत आहे की ही गळती सर्व्हिस उचलण्यात आहे. उंची, लिफ्टर आणि कोच यांच्याकडे बोट जातं, कारण टीव्हीच्या पडद्यावर तेच दिसतात.

हे पटवून घ्यायचं असेल तर पुढच्या सामन्याला कागद-पेन्सिल घेऊन बसा. आपल्या बाजूला आलेल्या प्रत्येक सर्व्हिसला ० ते ३ गुण द्या. चेंडू नेटपासून एक-दीड मीटरवर, उजव्या साइडलाइनपासून साधारण तीन मीटर आत, लिफ्टरच्या हातात अलगद गेला तर ३. लिफ्टरला दोन-तीन पावलं सरकावं लागलं, पण दोन्ही टोकांना चेंडू देता येतो, तर २. मागे पळत जाऊन एकच उंच चेंडू देता येतो, तर १. चेंडू थेट जमिनीवर, प्रेक्षकांत किंवा नेटवरून समोरच्यांच्या हातात गेला तर ०. वीस सर्व्हिसींची बेरीज करून वीसने भागा. समजा आठ वेळा ३, सात वेळा २, तीन वेळा १ आणि दोन वेळा ०: बेरीज ४१, सरासरी २.०५. हा संघ चांगला खेळेल. आता सहा वेळा ३, सहा वेळा २, पाच वेळा १, तीन वेळा ०: बेरीज ३५, सरासरी १.७५. फरक जेमतेम ०.३ चा. पण दुसऱ्या संघाला वीसपैकी आठ वेळा धड हल्लाच करता आला नाही. पहिल्याच्या बाबतीत हा आकडा पाच होता.

१ गुणाचा पास (सर्व्हिस उचलून लिफ्टरकडे दिलेला चेंडू) म्हणजे काय होतं, ते लिफ्टरच्या जागेवर उभं राहून बघा. ती नेटजवळ उजवा हात किंचित वर करून पासची वाट बघतेय. चेंडू तिच्या मागे, तीन मीटरच्या रेषेच्याही मागे पडतोय. ती वळून चार पावलं पळते. तिची पाठ नेटकडे झालेली, त्यामुळे समोरचा ब्लॉक, म्हणजे स्मॅश अडवायला नेटवर उडी मारणाऱ्या मुली, कुठे उभा आहे ते दिसत नाही. पाय थांबण्याआधी हात चेंडूखाली न्यावे लागतात. मधली स्मॅशर केव्हाच उडी मारून खाली आलेली. आता एकच गोष्ट उरते: डाव्या टोकाला उंच चेंडू. असा चेंडू हातातून सुटून पाच मीटरवर जाऊन स्मॅशरच्या हाताशी येईपर्यंत सुमारे दीड सेकंद घेतो. तेवढ्या वेळात समोरची मधली ब्लॉकर तीन मीटर सरकते आणि दोघींचा ब्लॉक लागतो. टीव्हीवर आपल्याला दिसतं ते फक्त शेवटचं: आपल्या मुलीचा स्मॅश ब्लॉक झाला. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘बघा, उंची कमी पडली.’ कुणी म्हणतं, ‘लिफ्टर किती अंदाज येईल असं खेळते.’ तिच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. हाच पास ३ चा असता तर टोकाला सपाट चेंडू एका सेकंदाच्या आत पोचला असता आणि मधल्या ब्लॉकरला जागेवर थांबायचं की धावायचं हे ठरवता आलं नसतं.

आता सलग गुण जातात त्याबद्दल. सात-सात गुण ओळीने जातात, तेव्हा ‘मुली घाबरल्या’ असं सरसकट म्हटलं जातं. थोडं गणित करा. समोरच्यांच्या सर्व्हिसवर आपण दर दहांपैकी सहा वेळा गुण घेत असू, तर एका पाळीत सलग तीन गुण जाण्याची शक्यता ०.४ × ०.४ × ०.४, म्हणजे ६.४ टक्के. दहांपैकी पाचच वेळा घेत असू तर तीच शक्यता १२.५ टक्के, जवळपास दुप्पट. एका सेटमध्ये अशा दहाएक पाळ्या येतात, म्हणजे सरासरीने दर सेटला एकदा हा तडाखा बसणारच. २५ गुणांच्या सेटमध्ये तेवढा पुरतो. घाबरणं नंतर येतं, आधी पास बिघडतो.

पास बिघडतो कशामुळे? महिलांच्या खेळात मुख्य हत्यार आहे फ्लोट सर्व्हिस. चेंडू अजिबात न फिरवता, तळहाताच्या टणक भागाने, हात पुढे न झोकता फटका मारायचा. चेंडू फिरत नसला की त्याच्या शिवणी आणि पॅनेलभोवती हवा दोन्ही बाजूंना सारखी सुटत नाही, आणि तो शेवटच्या काही मीटरमध्ये अचानक बाजूला सरकतो किंवा पडतो. ताशी ५४ किलोमीटरने निघालेला चेंडू म्हणजे सेकंदाला १५ मीटर. सर्व्हिस करणारीपासून उचलणारीपर्यंत अंतर १५-१६ मीटर. एक सेकंद हातात आहे, आणि त्यातल्या शेवटच्या भागात चेंडू जागा बदलतो. अंदाज बांधून हात आधीच जोडून उभी राहिलेली मुलगी इथे फसते. पाय शेवटपर्यंत मोकळे ठेवायचे, आधी पाय चेंडूच्या मागे न्यायचे, मग हात जोडायचे. कोपर सरळ, मनगटं खाली झुकलेली, चेंडू मनगटाच्या थोडा वर, दोन्ही हातांच्या सपाट भागावर. आणि हात झुलवायचे नाहीत. चेंडूला लागेल तेवढा वेग सर्व्हिसनेच आणलेला असतो. हात फक्त कोन देतात.

आपल्या मुली हात झुलवतात, आणि यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पासचा सराव म्हणजे कोच नेटच्या जवळ उभा राहून हाताने चेंडू टाकतो. तो चेंडू मऊ येतो, त्याला लिफ्टरपर्यंत पोचवायला ढकलावंच लागतं. वर्षानुवर्षं असा सराव केला की ढकलणं अंगात मुरतं. मग समोरून खरी फ्लोट आली की तोच हात चेंडूला नेटपलीकडे भिरकावतो, आणि समोरच्यांना फुकटचा स्मॅश मिळतो.

दुसरी गोष्ट बोटांनी पास घेण्याची. पहिल्या स्पर्शात, एकाच हालचालीत चेंडू दोन्ही हातांना मागेपुढे लागला तरी तो दोष धरत नाहीत. म्हणून छातीच्या वर येणारी फ्लोट एक पाऊल पुढे टाकून डोक्याच्या वर बोटांनी घेणं सोपं पडतं, कारण चेंडू भरकटायच्या आतच तो हाताशी येतो. मोठे संघ हे सर्रास करतात. आपल्याकडे मुली मागे सरकत जोडलेल्या हातांवर घ्यायला बघतात आणि चेंडू खांद्यावर आदळतो. बोटं दुखतात म्हणून लहानपणी ही सवय लागलेली नसते, आणि बोटं दुखण्याचं कारण बहुतेक वेळा चेंडूत असतं. त्याचं पुढे सांगतो.

सर्व्हिसच्या दुसऱ्या टोकाला आपलीही बाजू आहे. आपण कशी सर्व्हिस करतो? मधोमध, लिबेरोच्या (फक्त मागच्या ओळीत खेळणाऱ्या बचावपटूच्या) अंगावर, सुरक्षित. चूक होत नाही, पण समोरच्यांना ३ चा पास आंदण मिळतो. लिबेरो हा खेळाडू १९९८ पासून नियमांत आहे आणि ती पास घेण्यात संघात सर्वांत तरबेज असते; तिच्याकडे चेंडू देण्यात काय हशील? सर्व्हिस दोघींच्या मधल्या फटीत जायला हवी, किंवा समोरची जी बाहेरची (डाव्या टोकावरून मारणारी) स्मॅशर आत्ता पुढच्या ओळीत आहे तिच्या पायाशी, म्हणजे पास घेऊन लगेच हल्ल्याला धावणं तिला जड जाईल. दहा सर्व्हिसींपैकी एखादी बाहेर गेली तरी चालेल, पण उरलेल्या नवांनी समोरच्यांचा पास बिघडवला पाहिजे.

कोचबद्दल एवढंच. सर्व्हिस आपल्याकडे आली की खेळाडू एकेक जागा सरकतात, त्यातून बनणारी मांडणी म्हणजे फिरत. संघ अडकतो तो बहुधा एखाद्या ठरावीक फिरतीत. लिफ्टर १ नंबरच्या, म्हणजे मागच्या उजव्या जागेवर असते ती फिरत घ्या. पुढच्या ओळीत तीन हल्लेखोर असतात, कागदावर भरभक्कम. पण जागांच्या क्रमामुळे तिरपी (लिफ्टरच्या तिरक्या समोरच्या जागेची) स्मॅशर डावीकडे आणि बाहेरची उजवीकडे येते, दोघी आपल्या सवयीच्या उलट बाजूने मारतात. शिवाय लिफ्टरला मागच्या उजव्या कोपऱ्यातून पळत नेटवर यायचं असतं. इथे पास बिघडला की संघ तिथेच रुतून बसतो. चांगला कोच तिसऱ्या सलग गुणाला टाइम-आउट घेतो. सहाव्याला घेतलेला टाइम-आउट म्हणजे वाहून गेल्यावर बांध घालणं. सेटला ३० सेकंदांचे दोनच मिळतात, हे खरं. पण तिघींऐवजी चौघींना पासला उभं करणं, कच्च्या हाताच्या मुलीला नेटजवळ सरकवून लपवणं, यासाठी टाइम-आउटही लागत नाही. बाहेरून हाताची खूण पुरते. लिफ्टर आणि तिरपी स्मॅशर यांची जोडीने अदलाबदल करायची तर परत आणेपर्यंत सहापैकी चार बदल खर्ची पडतात, म्हणून ती सेटच्या उत्तरार्धातच परवडते. तेव्हा कोचवर टीका जरूर करा, पण फिरत कोणती होती आणि बदल किती उरले होते हे बघून करा.

उंचीचा मुद्दा मी उडवून लावत नाही. महिलांचं नेट २.२४ मीटरवर असतं आणि ब्लॉकमध्ये उंचीला पर्याय नाही. पण उंची हे सगळ्याचं कारण असेल तर थायलंडचं काय करायचं? त्यांनी २००९, २०१३ आणि २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद जिंकलं. २००९ आणि २०२३ च्या अंतिम सामन्यांत तर त्यांनी कितीतरी उंच चीनला हरवलं. त्यांची प्रसिद्ध लिफ्टर नूत्सारा तोमकोम १६९ सेंटिमीटरची. जपानची योशिए ताकेशिता तर १५९ सेंटिमीटरची, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानने तिच्याच हातांवर कांस्यपदक घेतलं. या दोन्ही देशांत पास घेणं हे मुलीला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त शिकवलं जातं. पास पक्का असेल तरच जलद खेळ करता येतो, आणि उंचीची तूट जलद खेळच भरून काढतो.

उलट उदाहरण दक्षिण कोरियाचं. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांच्या महिला चौथ्या आल्या होत्या. त्यानंतर किम योन-कुंगसह तीन अनुभवी खेळाडू राष्ट्रीय संघातून निवृत्त झाल्या आणि नेशन्स लीग या दरवर्षीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांना एकही सामना जिंकता आला नाही. हांगझोमध्ये व्हिएतनामविरुद्ध दोन सेटची आघाडी असताना ते ३-२ ने हरले आणि पाचवे आले. किम योन-कुंग १९२ सेंटिमीटरची होती, पण तिची उणीव फक्त स्मॅशमध्ये जाणवली नाही. पास घेण्यातही ती संघाचा कणा होती. तिकडेही चाहत्यांनी कोचला धारेवर धरलं.

व्हिएतनाम त्या स्पर्धेत चौथा आला आणि २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पहिल्यांदा खेळला. आपण त्यांच्या बरोबरीचे होऊ शकतो का? हो, पण त्यांच्याकडे मुलींची राष्ट्रीय लीग आहे आणि त्यांच्या त्रान थी थान थुईसारख्या खेळाडू जपानच्या लीगमध्ये जाऊन रोज वेगवेगळ्या सर्व्हिस उचलून आल्या आहेत. आपल्याकडे २०२२ मध्ये प्राइम व्हॉलिबॉल लीग सुरू झाली ती फक्त पुरुषांची. पुरुष आणि महिला संघांच्या निकालांत फरक का, हे विचारणाऱ्यांनी आधी हे बघावं. आपल्या बहुतेक मुली रेल्वे किंवा केरळच्या संघांतून येतात, राष्ट्रीय स्पर्धेत त्याच त्या सर्व्हिस उचलतात, आणि थेट आशियाई स्पर्धेत जाऊन चिनी फ्लोट पहिल्यांदा बघतात. त्यात महासंघाचे तंटे. २०१६ मध्ये जागतिक महासंघाने भारतीय महासंघाला निलंबित केलं होतं. अशा वातावरणात शिबिरं आणि परदेश दौरे सगळ्यांत आधी कापले जातात. याचा मला मनापासून राग येतो, कारण याची किंमत मुलींच्या खेळण्याच्या वर्षांतून जाते.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून आहे, तेव्हा जाणकारांची इथे वानवा नाही. शाळेच्या मैदानावर मात्र मुरूम, ऊन आणि दोन-तीन चेंडू, एवढ्यावर भागवायचं असतं. तेवढ्यातही बरंच होतं.

आधी चेंडूपासून सुरू करा. नियमाने त्यातला दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा. आपल्याकडे अंगठ्याने दाबून ‘टणक झाला’ म्हणून सोडून देतात. सकाळी २० अंशांत बरोबर भरलेला चेंडू दुपारी ४५ अंशांच्या उन्हात पडून राहिला तर त्यातला दाब ०.४० च्या वर जातो. तो चेंडू मुलीच्या हातावर दगडासारखा येतो, उसळून नेटपलीकडे जातो, आणि बोटांनी घ्यायला गेलं की बोटं वाकतात. मुलगी हळूहळू चेंडूला घाबरायला लागते आणि आपण तिला ‘कच्चा हात’ म्हणतो. दाबमापक असलेला पंप आणा, चेंडू सावलीत ठेवा, खेळायला सुरुवात करण्याआधी दाब बघा. वजनही २६० ते २८० ग्रॅम असावं. शिवण उसवलेला, पाणी प्यालेला चेंडू सर्व्हिसच्या सरावाला वापरू नका, त्याची फ्लोट खोटी असते.

नेट मधोमध २.२४ मीटरवर मोजून बांधा. टोकांना दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वर नको. लहान मुलींना कमी उंचीचं नेट द्या, पण तेही मोजूनच. आणि अँटेना, म्हणजे चेंडूने नेट कुठून ओलांडायचं ती हद्द दाखवणाऱ्या उभ्या काठ्या, लावा. नुसत्या बांबूच्या रंगवलेल्या काठ्या दोन्ही साइडलाइनवर नेटला बांधल्या तरी चालतील. नेटच्या वर त्या ८० सेंटिमीटर यायला हव्यात. अँटेनाशिवाय शिकलेली स्मॅशर आणि लिफ्टर बाहेरून चेंडू फिरवायला शिकतात आणि खऱ्या सामन्यात तोच फाउल होतो.

पासचा सराव खऱ्या सर्व्हिसवर, नेटपलीकडून. कोचने हाताने टाकणं गरम होण्यापुरतं, दहा मिनिटं. त्यानंतर सहा मुली असतील तर तिघी सर्व्हिसला, दोघी पासला, एक लिफ्टरच्या जागी. दहा सर्व्हिसींची एक खेप, प्रत्येक पासला ० ते ३ गुण, लिहायचं काम दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या मुलीला. रोज प्रत्येकीच्या वाट्याला पन्नास-साठ पास यायला हवेत. बारा वर्षांची मुलगी शेवटच्या रेषेवरून सर्व्हिस पोचवू शकत नसेल तर तिला सहा मीटरवरून मारू द्या, पण फिरवू देऊ नका. चेंडूवरची अक्षरं हवेत वाचता आली पाहिजेत, ही सोपी खूण. मारताना हात चेंडूवर आदळून थांबावा, खाली ओघळू नये. ओघळला की चेंडू फिरतो.

सर्व्हिस करणाऱ्या मुलींनाही लक्ष्य द्या. समोरच्या कोर्टात जुनी चादर किंवा टायर: दहा सर्व्हिस उजव्या मागच्या कोपऱ्यात, दहा डाव्या, दहा पासला उभ्या असलेल्या दोघींच्या मधोमध. प्रत्येक कोपऱ्यात दहापैकी सहा पडायला लागल्या की लक्ष्य लहान करा.

मुरमावर मुलींना डाइव्ह मारायला लावू नका. गुडघे सोलतात आणि मग मुलगी खाली वाकायचंच सोडते. त्याऐवजी एक पाय लांब टाकून खाली बसत चेंडू घेणं शिकवा. डाइव्ह हॉलमध्ये किंवा गवतावर. गुडघ्याचे पॅड महाग वाटले तर जुन्या सायकलच्या ट्यूबखाली स्पंजचा तुकडा बांधूनही चालतं.

आणि ती वही जपून ठेवा, प्रत्येक मुलीच्या नावाचं एक पान. सहा महिन्यांत जिची सरासरी १.४ वरून १.८ वर आली, तिला जिल्हा निवड चाचणीला घेऊन जा, तिचा स्मॅश अजून नेटला लागत असला तरी.